सुझनी, अद्रस आणि नमदा : मध्य आशियाई कापड घेण्याआधी

एका वाचक दांपत्याचा प्रश्न आहे. दोघं ऑक्टोबरात उझबेकिस्तानला जाणार आहेत, जमलं तर किर्गिझस्तानलाही. घरच्या भिंतीसाठी एक मोठी सुझनी, म्हणजे तिथलं हाताने भरलेलं कापड, आणि अंगावर घालायला रेशीम-सुताचं अद्रस घ्यायचं आहे. जुनी, अस्सल सुझनी ओळखायची कशी? बाजारात दिसतं ते सगळं आता पर्यटकांसाठीच बनतं का? जगभरचे डिझायनर या नक्ष्या उचलतात, चित्रकार त्यांची तोडमोड करतात, त्याकडे कसं बघायचं? आणि मुंबईच्या दमट हवेत हे सगळं टिकवायचं कसं?

जुन्या कापडांची दुरुस्ती आणि जतन हे माझं रोजचं काम आहे. मध्य आशियाई कापडं या कामातून माझ्या हातात आली आणि मग ती कशी बनतात हे समजून घ्यायची ओढ लागली. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीची उत्तरं त्यावर उभी आहेत. जुनी सुझनी शोधूच नका. नवी घ्या, चांगली घ्या, आणि ती कोणी भरली हे विचारून घ्या.

एकोणिसाव्या शतकातल्या उत्तम सुझनी बहुतेक संग्रहालयांत किंवा संग्राहकांकडे जाऊन बसल्या आहेत. बुखाऱ्यातल्या एखाद्या घुमटाखालच्या दुकानात 'आमच्या आजीची' म्हणून जी उलगडून दाखवतात, ती बऱ्याचदा सोव्हिएत काळातली असते, आणि कधी कधी चालू वर्षातलीच, चहाच्या पाण्यात बुडवून पिवळी केलेली. चहाचा रंग ओळखता येतो. खरं वय कापडावर कधीच सारखं पसरत नाही. घडीच्या रेषेवर ते जास्त दिसतं, उन्हाच्या बाजूला रंग उडालेला असतो, टांगायच्या कडेला कापड ताणलेलं असतं, आणि जिथे रेशीम झिजून गळलंय तिथे खालचं कापड आजूबाजूपेक्षा उजळ निघतं. चहात बुडवलेल्या तुकड्यावर एकच पिवळेपणा सगळीकडे, पांढऱ्या रेशमावरसुद्धा. आणखी एक खूण आम्ही जतनाच्या कामातली माणसं आधी बघतो. जुन्या कामात काळा आणि गडद तपकिरी रंग लोखंडाच्या क्षारांनी पक्का करत. ते लोखंड वर्षानुवर्षं रेशीम खात राहतं. म्हणून खऱ्या जुन्या सुझनीत लाल-निळी फुलं शाबूत आणि त्यांच्या काळ्या कडा मात्र झडलेल्या, असं चित्र दिसतं. दुकानदार तो दोष म्हणून लपवतो. खरं तर वयाचा तोच सर्वांत भरवशाचा पुरावा.

शिवाय पन्नासहून अधिक वर्षं जुनी वस्तू उझबेकिस्तानबाहेर न्यायची तर तिथल्या संस्कृती खात्याचा परवाना लागतो. विमानतळावर अडकायचं नसेल तर हे लक्षात ठेवा. पण परवाना मिळाला तरी माझं मत बदलत नाही. जुनी सुझनी घेतलीत तर पैसा तीन-चार व्यापाऱ्यांत वाटला जातो. नवी घेतलीत तर तो आज सुई चालवणाऱ्या बाईपर्यंत पोचू शकतो, आणि पुढची सुझनी त्या पैशातून भरली जाते.

आता दुसरा प्रश्न, पर्यटकांसाठीच बनतं का. बनतं, भरपूर बनतं. पण म्हणून ते खोटं ठरत नाही. या कापडांचा इतिहास बाजाराबाहेरचा कधी नव्हताच. ज्याला आपण इकत म्हणतो त्या अब्रबंदीचा, म्हणजे धागे आधी बांधून-रंगवून मग विणण्याच्या कामाचा, बहर एकोणिसाव्या शतकात बुखारा, समरकंद आणि फरगाना खोऱ्यातल्या शहरांत आला, आणि तो शहरी कारखानदारीचाच बहर होता. आखणारे वेगळे, बांधणारे वेगळे, रंगवणारे वेगळे, विणणारे वेगळे. निळीच्या थंड कुंड्या बहुतेक बुखाऱ्याच्या ज्यू रंगाऱ्यांकडे, लाल-पिवळ्याच्या गरम हंड्या ताजिक रंगाऱ्यांकडे. नीळ पुष्कळशी हिंदुस्थानातून, अफगाणिस्तानच्या वाटेने तिथे पोचायची. अस्तराला पुढे पुढे रशियन गिरण्यांचं छापील सुती कापड आलं. बाहेरून भडक रेशमी अब्र आणि आतून बारीक फुलांचं रशियन छीट, असा झगा तिथला श्रीमंत माणूस मिरवायचा. नक्ष्या फॅशनप्रमाणे बदलायच्या. 'शुद्ध आणि अचल परंपरा' असं जे माहितीपत्रकांत लिहिलेलं असतं, ते या कापडाला लागूच पडत नाही.

अद्रस म्हणजे ताणा (उभा धागा) रेशमाचा आणि बाणा (आडवा धागा) सुताचा. अंगाला लागणारं निव्वळ रेशीम पुरुषांनी टाळावं, या मुस्लिम धार्मिक संकेताशी रेशीम-सूत मिश्र कापडांचा जुना संबंध आहे. आपल्या औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, हिमरू आणि मशरूचं कुळही तेच, रेशीम आणि सुताच्या मिश्रणाचं. हिमरूचा जुना तुकडा हाताळला असेल तर अद्रस हातात घेतल्यावर ओळखीचं वाटेल. रेशमाची चमक आहे, पण कापड चुळचुळीत नाही, त्याला सुताचं अंग आहे. निव्वळ रेशमाचं, सॅटिनच्या विणीचं झुळझुळीत कापड म्हणजे अटलस. आणि मखमलीत उतरवलेली अब्रबंदी म्हणजे बख्मल. तिच्याकडे मी परत येते.

मार्गिलानला गेलात तर (जायलाच हवं, ताश्कंदहून आगगाडीने फरगाना खोऱ्यात एका दिवसात जाऊन येता येतं, पण मुक्काम करा) माग बघून लगेच बाहेर पडू नका. विणकाम हा तिथला शेवटचा आणि त्यातल्या त्यात सोपा टप्पा. आधी कोष उकळत्या पाण्यात टाकून तार काढतात, तारेला पीळ देतात, रेशमाचा डिंक धुऊन काढतात. मग ताण्याचे धागे जुड्या करून एका लांब चौकटीवर ताणतात. आखणारा कारागीर कोळशाच्या काडीने सरळ त्या धाग्यांवर नक्षी आखतो. पूर्ण नाही, तिचा एक भागच, कारण जुड्या अशा लावलेल्या असतात की एका जागी मारलेली गाठ धागे उलगडल्यावर अनेक जागी उमटते. म्हणजे त्याच्या डोळ्यांसमोर कधीच नसलेली नक्षी त्याच्या डोक्यात असावी लागते. त्यानंतर बांधणारा. जो भाग कोरा राहायचा तो सुताने आवळून बांधायचा, बाकीचा रंगात बुडवायचा. पिवळा आणि लाल गरम, निळा थंड. दर रंगानंतर काही गाठी सोडायच्या, काही नव्या मारायच्या. पिवळ्यावर निळा चढला की हिरवा, लालावर निळा चढला की जांभळा. तीन कुंड्यांतून सहा-सात रंग निघतात. सगळं झाल्यावर धागे परत पसरून, फणीत ओवून मागावर घ्यायचे, आणि विणून उतरलेलं कापड पूर्वी अंड्याचा पांढरा बलक लावून लाकडी हातोड्यांनी कुटून चमकवत. जुन्या झग्यांवर जी काचेसारखी झिलई दिसते ती या कुटण्याची आहे.

ही सगळी माणसं मी एवढ्या तपशिलात का सांगतेय? कारण तुमच्या प्रश्नातली भीती, पर्यटक कला मारतात का, ही चुकीच्या जागी आहे. कला मरते ती साखळीतली मधली माणसं गेल्यावर. पर्यटक विणणाऱ्या मुलीचा फोटो काढतो, दुकानात कापड घेतो. बांधणारा मागच्या खोलीत चौकटीवर वाकलेला असतो, त्याच्याकडे कुणी बघत नाही. त्याचं काम शिकायला वर्षं लागतात आणि ते छपाईच्या यंत्राने एका दुपारी नकलता येतं. दर वेळी पहिला घाव त्याच्यावरच पडतो.

बख्मलचं तेच झालं. तिच्यात दोन ताणे असतात, एक पायाचा आणि एक लवेचा. लवेचा ताणा फासे घेत घेत वर येतो, त्यामुळे तो तयार कापडाच्या कित्येक पट लांब लागतो. म्हणून नक्षीसुद्धा तेवढीच ताणून, लांबुडकी करून आखावी आणि बांधावी लागते, म्हणजे विणल्यावर ती आखडून नीट दिसते. डाळिंब हवं तर आखताना काकडी काढावी लागते. हे गणित ज्यांच्या हातात होतं ते कारागीर विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या उलथापालथीत पांगले, आणि बख्मल थांबली. कुणी बंदी घातली म्हणून नाही, तर आखणारा, बांधणारा आणि विणणारा हे तिघं एका वेळी एका गावात उरले नाहीत म्हणून. मार्गिलानचे उस्ताद रसुलजोन मिर्झाअहमदोव यांनी जुने नमुने अभ्यासून ती परत विणून दाखवली. त्यांचं घराणंच अब्रबंदीचं. तुटलेली साखळी पुन्हा जोडली जाणं किती दुर्मीळ आहे हे मला ठाऊक आहे, कारण ज्या कामांची साखळी कायमची तुटली असे तुकडे माझ्या टेबलावर सतत येतात.

साखळी तुटली कशी, याचं उत्तर एका शब्दात 'सोव्हिएत' असं देतात. ते अर्धंच खरं आहे. १८६५ मध्ये ताश्कंद रशियाच्या ताब्यात गेलं आणि पुढच्या काही दशकांत तयार रासायनिक रंग बाजारात आले. मंजिष्ठेच्या मुळांपासून लाल काढायला जे दिवस लागत ते एका पुडीने वाचवले. कारागिरांनी ते हौसेने घेतले, त्यांना कुणी जबरदस्ती केली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाच्या सुझनीत तुम्हांला एखादं झगझगीत गुलाबी किंवा जांभळं फूल वनस्पतींच्या रंगांमध्ये एकदम उठून दिसेल, तो हा नवा माल. मग सोव्हिएत काळात खासगी कारखाने गेले, सहकारी आर्तेल आल्या, पुढे मोठ्या गिरण्या. अटलस यंत्रमागांवर विणलं जाऊ लागलं आणि एक गोष्ट घडली जी सहसा सांगितली जात नाही. जे कापड पूर्वी पैसेवाल्यांच्या झग्याचं होतं ते शेतावर कापूस वेचणाऱ्या बाईच्या रोजच्या अंगरख्याचं झालं. आज उझबेक स्त्री नवरोझला (वसंतातल्या नववर्षाला) अटलस घालते, ते या काळामुळे. हातमागाचं नुकसान झालं हे खरं, आणि नक्षी घराघरांत पोचली हेही खरं. मला दोन्ही एकाच वेळी मान्य करावं लागतं.

१९९१ नंतर गिरण्या बसल्या आणि हातमाग पुन्हा उभा राहिला. मार्गिलानमध्ये जुन्या मदरशाच्या इमारतीत २००७ पासून हस्तकला विकास केंद्र चालतं. अटलस आणि अद्रस बनवण्याच्या पद्धती शिकवण्याच्या त्याच्या कामाची नोंद २०१७ मध्ये युनेस्कोने चांगल्या संवर्धन-उपक्रमांच्या यादीत केली. तिथे जा. तिथे बांधणारा बघायला मिळतो.

कापड घेताना काय बघायचं ते आता सांगते. मार्गिलानच्या कामात फक्त ताणा रंगवलेला असतो, बाणा एकरंगी. (पाटणच्या पटोल्यात दोन्ही रंगवतात, म्हणून त्याची सवय असलेला डोळा इथे फसतो.) याचा परिणाम असा की नक्षीची कड फक्त ताण्याच्या दिशेने, म्हणजे कापडाच्या लांबीत, पिसासारखी पसरते. आडव्या दिशेने ती धाग्याच्या रेघेवर स्वच्छ थांबते. छापील नकलेत कड एकतर चारी दिशांना सारखी धूसर असते, नाहीतर कुठेच धूसर नसते. कापड उलटं करा. अद्रसची उलटी बाजू जवळजवळ सुलटीसारखीच भरलेली दिसते. छापील कापड मागून फिकं पडतं. पण अटलसला ही कसोटी आंधळेपणाने लावू नका. सॅटिनची वीण असल्याने त्याची मागची बाजू मुळातच मंद असते. तिथे नक्षी मागेही आहे का एवढंच बघा. काठातून एक धागा काढून देतो का विचारा. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरते. कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी होतो. हातमागाचं पारंपरिक कापड अरुंद असतं, अर्ध्या मीटरच्या आतबाहेर. शिवायला घेताना हा पन्हा शिंप्याला आधी सांगा.

मधला एक प्रकारही आहे, हाताने आखून-बांधून रंगवलेला ताणा आणि वीण मात्र यंत्रमागाची. दुकानदार तो हातमागाचा म्हणून विकतो तेव्हा खोटं बोलतो. पण कापड खोटं नसतं, साखळीतला बांधणारा त्यात जिवंत आहे. बजेट कमी असेल तर मी हेच घ्यायला सांगेन. बाजारात ढिगाने मिळणारं छापील पॉलिएस्टर मात्र घेऊ नका. त्यात कुणाचीच गाठ नाही.

सुझनीचं जग वेगळं. ती कारखान्यातली नव्हे, घरातली. मुलगी लहान असतानाच तिच्या लग्नासाठी आई, मावश्या, आज्या भरायला बसायच्या. हातविणीच्या सुती कापडाच्या अरुंद पट्ट्या कच्च्या टाक्यांनी जोडायच्या, गावातली आखणीत तरबेज बाई (तिला कलमकश म्हणतात) येऊन सगळ्या कापडावर नक्षी काढायची, आणि मग पट्ट्या उसवून घरातल्या बायकांत वाटायच्या. भरून झाल्या की परत शिवायच्या. म्हणूनच जुन्या सुझनीत शिवणीवर फूल जरा घसरलेलं असतं, एका पट्टीतला लाल शेजारच्यापेक्षा गडद असतो. एकेका पट्टीवर एकेका बाईचा हात ओळखू येतो. दुरुस्तीला आलेल्या सुझनीत मी तास न् तास हे हात वेगळे करत बसते, कोण घट्ट ओढायची, कोण घाईत असायची. कुठेतरी एखादं पान मुद्दाम अर्धवट सोडलेलं असतं, दृष्ट लागू नये म्हणून. ते भरून पुरं करून द्या असं गिऱ्हाईक कधी सांगतं. मी नकार देते.

टाके तीन ओळखले तरी पुरे. बास्मा टाक्यात धागा आकाराच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत लांब टाकतात आणि परत येताना त्याच धाग्याने बारीक तिरक्या टाक्यांनी तो दाबतात. समोरून भरगच्च, मागून मात्र बारीक ठिपके. कांदा-हयाल त्याचाच भाऊ, फक्त दाबणारे टाके लांब आणि जास्त तिरपे. तिसरा युर्मा, म्हणजे आकड्याने घातलेला साखळी टाका. ब्लाउजवर आरी वर्क करून घेतलं असेल तर तो तुम्हांला नवा नाही. फसवणूक इथेच जास्त होते, कारण साखळी टाका यंत्रावर सहज निघतो. यंत्राच्या साखळीत प्रत्येक कडी मापात असते. हाताच्या साखळीत वळणावर कड्या आखडतात आणि सरळ रेषेत सैल पडतात. बास्मा यंत्राला सहज जमत नाही. शंका असेल तर बास्मा घ्या.

गावंही ओळखण्यासारखी आहेत. नूराताच्या सुझनीत मधे तारा, चार कोपऱ्यांत फुलांचे झुबके आणि पांढरी जमीन भरपूर मोकळी. शहरिसब्झ भरगच्च. ताश्कंदच्या 'पाल्याक'मध्ये मोठमोठी लाल चक्रं अख्खं कापड व्यापून टाकतात. हा पाल्याक प्रकार जवळजवळ संपला होता. ताश्कंदच्या भरतकार मदिना कासिमबाएवा यांनी तो परत भरायला घेतला आणि इतर बायकांना शिकवला. ताजिकिस्तानात सुझनीची बहीण म्हणावी अशी चाकान कशिदाकारी आहे, कपड्यांवरची, २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेली. ती खतलोन भागात आजही लग्नात आणि नवरोझला अंगावर दिसते.

किंमत. आकडे सांगत नाही, ते दर हंगामाला बदलतात. हिशेब सांगते. दोन मीटरची भरगच्च हातभरणीची सुझनी एका बाईचं कित्येक महिन्यांचं काम आहे. सांगितलेल्या किमतीला महिन्यांनी भागा. जी मजुरी निघेल ती माणसाला जगवणारी नसेल, तर एकतर वस्तू यंत्राची आहे किंवा बाई लुबाडली गेली आहे. दोन्ही वेळा सोडून द्या. आणि योग्य किंमत सांगितली असेल तर घासाघीस करून ती अर्धी करण्याचा आनंद घेऊ नका. मोठी परवडत नसेल तर उशीच्या अभ्र्याएवढी चांगली घ्या.

किर्गिझस्तानला गेलात तर तिथे सुई मागे पडते आणि लोकर पुढे येते. नमदा म्हणजे न विणता, लोकर ओली करून दाबून बनवलेलं जाड कापड. त्याचे दोन प्रकार. आला-कीयिझमध्ये रंगीत लोकर चटईवर पसरून, गरम पाणी शिंपडून, गुंडाळून, पायांनी तुडवत नमदा बनवताना नक्षी त्यातच बसते. शिरदाकमध्ये दोन रंगांचे तयार नमदे एकावर एक ठेवून एकाच वेळी कापतात आणि मग एकाचा तुकडा दुसऱ्याच्या भोकात बसवून शिवतात. काहीच वाया जात नाही, आणि एका कापणीतून एकमेकांचे उलटे असे दोन गालिचे निघतात. माझ्या मते मध्य आशियातली ही सर्वांत बुद्धिमान रचना आहे. २०१२ मध्ये युनेस्कोने या दोन्हींना तातडीने जपण्याच्या यादीत घातलं. कारणं साधी: करणाऱ्या बायका वयाने मोठ्या, तरुण मुली कमी, स्वस्त कृत्रिम गालिचे आणि लोकरीची टंचाई. सोव्हिएत काळात गिरण्यांसाठी मऊ लोकरीच्या मेंढ्यांवर भर दिला गेला, १९९१ नंतर कळप घटले, आणि ज्या मेंढ्या वाढल्या त्या मांसासाठी. कच्चा मालच बदलला की कारागीर काय करणार. कोचकोरमध्ये 'अल्तिन कोल' ही बायकांची सहकारी संस्था आहे, नारीनच्या बाजूला अत-बाशीत चांगलं काम होतं. तिथून घ्या. तुर्कमेन गालिच्यांवर मी इथे लिहीत नाही, तो स्वतंत्र विषय आहे. एवढंच सांगते की तुर्कमेनिस्तानच्या झेंड्यावर पाच गालिच्यांच्या नक्ष्या आहेत, आणि किर्गिझ झेंड्यावर तंबूच्या छताचं कडं. कारागिरी तिथे किती खोलवर आहे ते यावरून कळावं.

आता डिझायनर आणि कलाकार. २००५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये ऑस्कर दे ला रेंटा यांनी मध्य आशियाई इकत आपल्या कपड्यांत आणलं आणि मग ती नक्षी पडद्यांपासून चादरींपर्यंत सगळीकडे गेली, बहुतेक ठिकाणी छापील. नक्षी उचलली म्हणून मला राग येत नाही. नक्ष्या नेहमीच फिरल्या आहेत, उझबेक अब्रात चिनी आणि इराणी घाट आहेतच. राग येतो तो धूसर कड छापण्याचा. ती कड म्हणजे रंग गाठीखाली किंचित झिरपल्याची खूण. गाठ नसताना झिरपणं छापायचं, म्हणजे श्रम टाकून श्रमाची निशाणी विकायची. याउलट ताश्कंदच्या मुहायो अलिएवा यांचं 'बीबी हनुम' हे कपड्यांचं लेबल बघा. आजच्या बेताचे कोट-झगे, शहरात ऑफिसला घालता येतील असे, आणि कापड तिथल्याच मागांवरचं. अंगावर घालण्यासाठी तयार कपडा हवा असेल तर मी तिथे जाईन.

चित्रकारांच्या तोडमोडीबद्दल मी तर आनंदाने बोलेन. दिल्यारा कैपोवा अब्रबंदीत मिकी माउस आणि 'स्टार वॉर्स'मधला डार्थ व्हेडर आणतात. दुरून पारंपरिक झगा, जवळ गेल्यावर काळा मुखवटा. काही जणांना हा अपमान वाटतो. पण विचार करा, तो मुखवटा ताण्यावर उतरवायला आखणाऱ्याला आणि बांधणाऱ्याला नवं गणित मांडावं लागतं. जो हात फक्त जुन्याच नक्ष्या गिरवतो तो हळूहळू आखायचं विसरतो. नवीन आकृती मागणारं गिऱ्हाईक त्याला जागं ठेवतं. बर्लिनमध्ये राहणाऱ्या कझाख कलाकार गुलनूर मुकाझानोवा नमद्यातून आजची चित्रं घडवतात, ती भिंतीवर असतात, जमिनीवर नाहीत, आणि तरी लोकर तीच, ओली करून दाबण्याची पद्धत तीच. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये बुखाऱ्यात पहिलं द्वैवार्षिक कलाप्रदर्शन सुरू झालं. तिथे बाहेरून आलेल्या कलाकारांची जोडी उझबेक कारागिरांशी लावली होती आणि कारागिरांची नावं कलाकारांच्या बरोबरीने दिली होती. हिमाली सिंह सोइन आणि डेव्हिड सोइन टापेसर या जोडीने रसुलजोन मिर्झाअहमदोव यांच्याबरोबर अरल समुद्राच्या आटण्यावर एक लांबलचक अब्र केलं. विषय नेमका होता. अरल आटला तो १९६० च्या दशकापासून कापसासाठी नद्यांचं पाणी वळवल्यामुळे, आणि अद्रसचा बाणा कापसाचाच. त्या कापसाच्या वेचणीत सक्तीची मजुरी होती म्हणून जगभरच्या कंपन्यांनी उझबेक कापसावर बहिष्कार टाकला होता. तो २०२२ मध्ये उठला. सुंदर कापड हातात घेताना हे माहीत असावं असं मला वाटतं. त्याने कापडाचं सौंदर्य कमी होत नाही.

वेळ असेल तर उझबेकिस्तानच्या वायव्येकडच्या नूकूस शहरातल्या सावित्स्की संग्रहालयात जा, वाट लांबची आहे तरीही. इगोर सावित्स्की यांनी १९६६ मध्ये उभं केलेलं हे संग्रहालय बंडखोर रशियन चित्रांसाठी प्रसिद्ध आहे, पण त्यांनी आधी गावोगाव फिरून तिथल्या कराकल्पाक समाजातल्या बायकांचे भरलेले पोशाख आणि दागिने जमवले. ते दालन लोक भरभर ओलांडतात. तुम्ही तिथे थांबा.

शेवटी जतन. घरी आणलेली सुझनी धुवायची इच्छा झाली तर आधी पांढऱ्या कापसाचा ओला बोळा प्रत्येक रंगावर मिनिटभर दाबून धरा, विशेषतः लाल आणि काळ्यावर. बोळ्यावर रंग उतरला तर पाणी लावायचंच नाही, जाळीचं कापड वर धरून हलक्या हाताने धूळ ओढून घ्या. उतरला नाही तरी वॉशिंग मशीन आणि ड्राय क्लीनिंग दोन्ही नको. टांगताना कोपऱ्यांना खिळे किंवा क्लिपा लावू नका, सगळं वजन दोन बिंदूंवर येतं आणि कापड तिथेच फाटतं. मागच्या बाजूने वरच्या कडेला सुती कापडाची पूर्ण लांबीची बाही शिवा आणि तिच्यातून लाकडी दांडा घाला. दांड्याला आधी कापड गुंडाळा, लाकडाचा आम्लपणा लागू नये म्हणून. ऊन पडणारी भिंत नको, आणि पावसाळ्यात ओल धरणारी बाहेरची भिंत तर नकोच. भिंत आणि कापड यांत बोटभर जागा सोडा, हवा खेळायला. वर्षातून चार महिने तरी तिला भिंतीवरून उतरवून विश्रांती द्या, आणि पावसाळा त्यासाठी सोयीचा. ठेवताना घडी नको. जाड नळीवर रोल करा, सुझनी असेल तर भरलेली बाजू बाहेर ठेवून, आणि धुतलेल्या, खळ काढलेल्या मलमलीत गुंडाळा. प्लॅस्टिकची पिशवी नको, ओल आत कोंडते आणि बुरशी धरते. नमद्याला आणि रेशमाला कसर लागते, म्हणून दर दोन महिन्यांनी उलगडून बघा. डांबराच्या गोळ्या कापडाला टेकवून ठेवू नका. अद्रसचा कुडता घाम सुकल्याशिवाय कपाटात टांगू नका, आणि अत्तर किंवा डिओडरंट त्यावर कधीच मारू नका, रेशमावरचे डाग माझ्याकडेसुद्धा निघत नाहीत.